नवे ब्रेक, तरी गाडी थांबेना!

बिडाचा नवा तवा आणला आणि त्याच दिवशी त्यावर घावन घालायला गेलं, तर काय होतं हे कोकणातल्या बायकांना वेगळं सांगायला नको. पहिलं घावन तव्याला धरून बसतं, दुसरं फाटतं, तिसरं कसंबसं निघतं. तवा वाईट नसतो, तो फक्त तयार झालेला नसतो. आधी धुऊन-पुसून त्याचं वरचं तेल काढायचं, मग चार दिवस तेलाचा हात फिरवत, कांदा घासत तो वापरायचा. त्यानंतर तो आयुष्यभर साथ देतो.

गाडीच्या चाकामागे ब्रेकची जी गोल डिस्क असते ना, तीसुद्धा बहुतेक गाड्यांत बिडाचीच असते. आणि तिचंही अगदी असंच आहे! नवी डिस्क, नवे पॅड बसवले की पहिले काही दिवस ब्रेक थोडा कमीच पकडतो. हे खरं आहे आणि गॅरेजवालेही तेच सांगतात. अडचण अशी, की ‘नवीन आहे, बसेल हळूहळू’ या एका वाक्याखाली बरंच काही झाकलं जातं. त्यातून गाडी चालवणारी बाई असेल, तर पुढचं वाक्य ठरलेलं – ‘मॅडम, तुम्हाला सवय नाही. साहेबांना पाठवा, ते बघतील.’

हा विषय घ्यायचं कारण म्हणजे चिपळूणजवळच्या एका वाचक मैत्रिणीचं पत्र. नाव छापू नका म्हणाल्या, म्हणून देत नाही. या ताई बचत गटाचं काम बघतात. कोकम, कुळथाचं पीठ, पापड असा माल घेऊन महिन्यातून तीन-चार वेळा कुंभार्ली घाट चढून कराडला जायचं आणि येताना गूळ, ज्वारी घेऊन परतायचं. नवरा मुंबईला नोकरीला. गाडी बारा वर्षांची छोटी हॅचबॅक, चालवणाऱ्या त्या स्वतः. घाटात भरलेल्या गाडीचे ब्रेक कमी पडतात असं त्यांना वाटायचं. भाचा गाड्यांचा हौशी. तो म्हणाला, ‘‘मामी, मोठ्या गाडीचे ब्रेक बसवून देतो, एकदम कडक काम!’’ त्यानं शहरातून त्याच कंपनीच्या मोठ्या मॉडेलच्या डिस्क आणि वापरलेले कॅलिपर आणले आणि ओळखीच्या गॅरेजात बसवून घेतले. मामीला भेट म्हणून. भाच्याच्या मनात माया होती, यात शंका नाही.

पण पहिल्याच दिवशी पेडलवर पाय ठेवला, तर ‘उशीवर पाय ठेवल्यासारखं’ वाटलं, असं ताईंनी लिहिलंय. गॅरेजवाल्याला सांगितलं. उत्तर मिळालं, ‘‘नवीन आहे, पाचशे किलोमीटर चालवा, बसेल.’’ भाचाही तेच म्हणाला. घरचे म्हणाले, एवढा खर्च केलाय तर चांगलाच असणार. ताईंचा पाय मात्र रोज सांगत होता, काहीतरी चुकतंय.

आठवड्याभरानं कराडहून परत येताना घाट उतरायला लागल्या. सोबत गटातली एक मैत्रीण, मागे गुळाच्या ढेपा. चार-पाच वळणं झाली आणि पेडल खाली जायला लागलं. एकदा दाबलं तर अर्ध्यावर, पुढच्या वळणाला आणखी खाली. ताईंनी डोकं शांत ठेवलं. भराभर दोन-तीनदा पेडल दाबून जेवढा ब्रेक मिळाला तेवढा घेतला, गाडी तिसऱ्यावरून दुसऱ्या गिअरमध्ये, मग पहिल्यात टाकली, हँडब्रेक बटण दाबून धरून हळूहळू ओढत आणला आणि डोंगराच्या बाजूच्या रुंद जागेत गाडी थांबवली. दरीच्या बाजूला नव्हे, डोंगराच्या! गाडी तिथेच ठेवून दोघी एसटीनं खाली आल्या. दुसऱ्या दिवशी टोइंगवाल्याकडून गाडी आणवली आणि यावेळी दुसऱ्या मिस्त्रींकडे नेली. पंचवीस वर्षं हेच काम करणारे गृहस्थ. मी त्यांच्याशी फोनवर दोनदा बोलले, कारण ते जे सांगत होते ते मला तुमच्यापर्यंत नीट पोचवायचं होतं.

मिस्त्रींनी आधी पाना हातात घेतलाच नाही. त्यांनी ताईंना विचारलं, ‘‘पाय ठेवल्यावर कसं वाटतं ते सांगा.’’ हा प्रश्न आधीच्या कुणी विचारलाच नव्हता!

पाय काय सांगतो?

पेडल दाबलं की ब्रेक ऑइल नळ्यांतून चाकांपर्यंत ढकललं जातं. तिथे ते कॅलिपरमधल्या पिस्टनला रेटतं, पिस्टन पॅडला रेटतो आणि पॅड दोन्हीकडून डिस्कला चिमटा घेतात. सगळा खेळ दाबाचा. तेल दाबलं तरी आक्रसत नाही, म्हणून पायाचा जोर चाकापर्यंत जसाच्या तसा जातो. पण नळीत हवा राहिली तर? हवा आक्रसते. घरी करून बघा. औषधाची, सुई नसलेली रिकामी सिरिंज घ्या, पूर्ण पाण्यानं भरा, टोकावर बोट दाबून धरा आणि दट्ट्या ढकला – हलत नाही. आता त्यात अर्धी हवा ठेवा आणि ढकला. कसा उशीसारखा आत जातो! ताईंचं पेडल तेच सांगत होतं. विहिरीवरच्या पंपानं हवा धरली की पाणी चढत नाही, तसं ब्रेकनं हवा धरली होती.

ब्रेकचं काम करताना नळी सोडवली, की हवा शिरतेच. ती काढण्यासाठी प्रत्येक कॅलिपरवर एक छोटं निपल असतं. एकानं पेडल दाबायचं, दुसऱ्यानं निपल किंचित सैल करून बुडबुड्यांसकट तेल बाहेर जाऊ द्यायचं, बुडबुडे थांबेपर्यंत. कुठल्या चाकापासून सुरुवात करायची, ते गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं. पहिल्या गॅरेजनं हे केलं होतं. दोनदा केलं होतं म्हणे. मग हवा राहिली कशी?

मिस्त्रींनी पुढचं चाक काढलं आणि हसलेच. डावा कॅलिपर उजवीकडे, उजवा डावीकडे! काही गाड्यांत ते असे उलटे बसतातही, बिघाड दिसत नाही. फरक एवढाच, की वर असायला हवं ते निपल खाली जातं. आणि हवा तर वरच जाऊन बसणार. खालच्या निपलमधून लिटरभर तेल काढलं तरी वरचा बुडबुडा जागचा हलणार नाही. इतकी साधी गोष्ट! तुमच्या गाडीचं काम झाल्यावर तुम्हीही डोकावून बघू शकता. हवेचं निपल कॅलिपरच्या वरच्या अंगाला आहे ना?

कॅलिपर अदलाबदल करून, हवा काढून झाल्यावर पेडल घट्ट झालं. पण मिस्त्रींचं समाधान झालं नाही, कारण ते अजूनही जरा जास्तच खाली जात होतं. याचं कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण ‘मोठं म्हणजे चांगलं’ या आपल्या समजुतीलाच ते धक्का देतं. मोठ्या गाडीच्या कॅलिपरचे पिस्टन मोठे. मोठा पिस्टन तेवढाच पुढे सरकवायला तेलही जास्त लागतं. आणि ते तेल ढकलणारा मास्टर सिलिंडर मात्र जुन्या, छोट्या गाडीचाच! लहान पळीनं मोठं पातेलं भरायचं, तर पळ्या जास्त लागणारच. म्हणजे पेडल जास्त खाली जाणार. मास्टर सिलिंडर फार मोठा लावला तर उलटं होतं. पेडल दगडासारखं कडक, आणि जोर लावूनही ब्रेक कमी. ही सगळी मापं कंपनीनं एकमेकांशी जुळवलेली असतात. एक तुकडा बदलला की जुळणी बिघडते. पुढचे ब्रेक भलते जोरदार आणि मागचे तसेच, असं झालं तर पुढची चाकं लवकर अडकून घसरतात आणि गाडी थांबायला आधीपेक्षा जास्त अंतर घेऊ शकते.

शिवाय मूळ गोष्ट विसरायची नाही. ब्रेक चाक थांबवतो, गाडी थांबवतो तो टायर. जो ब्रेक चांगल्या रस्त्यावर चाक अडकवू शकतो, त्याला आणखी मोठं करून एका झटक्यात थांबण्याचं अंतर काही फारसं कमी होत नाही. मोठ्या डिस्कचा खरा फायदा लांब उतारावर, कारण ती उष्णता जास्त झेलते. पण त्याआधी टायर बघा. खाचांमध्ये जे छोटे उंचवटे असतात, त्यांच्या पातळीला रबर आलं की खाच १.६ मिलिमीटरच उरली असं समजायचं. अशा टायरवर जगातले सगळ्यात भारी ब्रेकही पावसात उपयोगाचे नाहीत.

आता पॅडकडे येऊ. ताईंच्या गाडीचे नवे पॅड काढले तर ते काचेसारखे चकचकत होते. नवे पॅड थेट भरलेल्या गाडीनिशी घाटात गेले, सतत घासून तापले आणि वरचा थर भाजून गुळगुळीत झाला. असे पॅड कितीही दाबा, पकडत नाहीत. म्हणजे ‘चालवत राहा, बसेल’ या सल्ल्यानं पॅड बसले नाहीत, बिघडले.

मिस्त्रींचं एक वाक्य मी वहीत लिहून ठेवलंय. ‘‘ताई, बसायचे असतात ते पॅड. पेडल कधी बसत नाही.’’ पेडल वर आणि घट्ट आहे, पण गाडी जरा उशिरा थांबतेय, तर पॅड बसायची वाट बघता येते. पेडल मऊ आहे, खाली जातंय, तर पाचशे काय, पाच हजार किलोमीटर चालवली तरी ते आपोआप सुधारणार नाही. त्या गाडीनं गॅरेजच्या फाटकाबाहेर पडूच नये.

एका बाईनं बदललेले ब्रेक

ब्रेक सुधारणं हे बायकांचं काम नाही असं कुणी म्हणालं, तर त्यांना बर्था बेंझची गोष्ट सांगा. १८८८ चा ऑगस्ट महिना. जर्मनीत कार्ल बेंझनं मोटारगाडी बनवली होती, पण लोक ती घ्यायला धजत नव्हते. त्याच्या बायकोनं, बर्थानं, दोन मुलग्यांना घेतलं आणि नवऱ्याला न सांगता मानहाइमहून गाडी काढली ती थेट माहेरी, फोर्ट्सहाइमला! शंभराहून जास्त किलोमीटर. इंधन संपलं तेव्हा औषधाच्या दुकानातून घेतलं, नळी तुंबली तेव्हा टोपीच्या पिननं साफ केली. आणि उतारांवर लाकडी ब्रेक झिजायला लागले, तेव्हा वाटेतल्या एका गावात चपला-बूट शिवणाऱ्या कारागिराकडून तिनं त्या ठोकळ्यांवर चामडं ठोकून घेतलं. ब्रेकला अस्तर लावायची कल्पना तिथून आली असं मानतात. मला या गोष्टीत चामड्यापेक्षा दुसरंच आवडतं. उतारावर गाडी नीट थांबत नाहीये, हे तिला चालवताना कळलं आणि तिनं ते तिथल्या तिथे दुरुस्त करून घेतलं. ‘घरी गेल्यावर कार्लना विचारू’ म्हणाली नाही.

तर गाडी गॅरेजातून आली की अंगणातच, उभ्या गाडीत, काही गोष्टी तुम्ही स्वतः बघा. पाना लागत नाही, फक्त पाय लागतो.

इंजिन बंद ठेवून पाच-सहा वेळा ब्रेक दाबा. पेडल कडक होईल. आता पाय तसाच दाबून ठेवा आणि गाडी सुरू करा. पेडल थोडंसं खाली गेलं पाहिजे. गेलं, तर ब्रेकला इंजिनाची मदत देणारा बूस्टर चालतोय. जराही हललं नाही आणि पेडल कडकच राहिलं, तर बूस्टर किंवा त्याची हवेची नळी बघायला सांगा. काम करताना ती नळी सैल राहून जाते कधीकधी.

मग इंजिन चालू असताना पेडल एकसारख्या जोरानं अर्धा मिनिट दाबून धरा. ते हळूहळू खाली सरकत गेलं तर कुठेतरी गळती आहे, नाहीतर मास्टर सिलिंडर गेलाय. चाकांच्या आतल्या बाजूला ओल दिसते का बघा. ब्रेक ऑइल गाडीच्या रंगावर सांडू देऊ नका हं, रंग उठतो.

पहिल्या दाबाला पेडल खाली, पण लगेच दुसऱ्यांदा दाबलं की वर, असं होत असेल तर दोन शक्यता. मऊ लागतंय तर हवा. घट्ट लागतंय, पण खालीच लागतंय, तर बहुतेक मागच्या ड्रममधले ब्रेक शू सैल आहेत. हँडब्रेक ओढताना आधीपेक्षा जास्त ‘कट्‌-कट्‌’ होत असतील, तर हा संशय पक्का. पुढच्या नव्या डिस्कच्या नादात मागचे शू अॅडजस्ट करायला सगळेच विसरतात!

आणि चालवताना ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढत असेल, तर एका चाकाला जास्त ब्रेक लागतोय. एखादा कॅलिपर अडकला असेल, त्याच्या सरकपिनांना ग्रीस नसेल, नाहीतर पॅडवर ग्रीसचा हात लागला असेल. नव्या डिस्कवर गंजू नये म्हणून तेलाचा थर असतो, तो ब्रेक क्लीनरनं पुसून काढावा लागतो. घाईत तो राहिला की ते तेल पॅड पितात. असे पॅड धुऊन उपयोग नाही, बदलायचे.

एबीएस असलेल्या गाडीबद्दल एक सांगायला हवं. भारतात एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींना एबीएस सक्तीचं आहे. जोरात ब्रेक मारला की पायाखाली थरथर आणि करकर होते, तो बिघाड नव्हे. घाबरून पाय काढू नका, दाबूनच ठेवा. पण अशा काही गाड्यांची हवा काढायला स्कॅनर मशीन लागतं. तुमच्या गॅरेजात ते आहे का, हे काम देण्याआधी विचारा.

आता पॅड बसवायचे कसे? वर सांगितलेलं सगळं ठीक असेल तरच हे करायचं. सकाळी लवकर, मोकळा सरळ रस्ता, मागे-पुढे वाहन नाही. साठच्या वेगावरून, झटका न देता, वीसपर्यंत गाडी हळू करायची. पूर्ण थांबवायची नाही. पुन्हा वेग घ्यायचा, अर्धा-पाऊण मिनिट ब्रेक गार होऊ द्यायचे. असं आठ-दहा वेळा. थोडा वास येईल, चालेल. धूर यायला लागला तर मात्र थांबवा. शेवटी पाच-सात मिनिटं शक्यतो ब्रेक न लावता फिरवून आणायची आणि तापलेल्या ब्रेकवर पाय दाबून गाडी उभी करायची नाही. पॅडचा एक पातळ, सारखा थर डिस्कवर बसतो, तव्याला तेल धरतं तसा. पॅडच्या खोक्यावर कंपनीनं वेगळी पद्धत दिली असेल तर ती पाळा. पुढचे दोन-तीनशे किलोमीटर भरलेली गाडी घाटात नेऊ नका.

ब्रेक ऑइलचं तर आपल्याकडे कुणी नावच काढत नाही. हे तेल हवेतला ओलावा शोषतं. पावसाळ्यात मिठाला पाणी सुटतं, तसं त्यातही पाणी मुरतं, आणि मग ते लवकर उकळतं. डॉट ४ प्रकारचं ताजं तेल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण पाणी मुरलेलं तेल १५५ च्या आसपासही उकळू शकतं. घाटात ब्रेक तापले, तेल उकळलं, की नळीत वाफ होते. आणि वाफ म्हणजे पुन्हा ती सिरिंजमधली हवाच! म्हणून बहुतेक गाड्यांत साधारण दर दोन वर्षांनी ते पूर्ण बदलायचं असतं, वरून नुसतं भरायचं नसतं. ताईंच्या गाडीत ते कोऱ्या चहाच्या रंगाचं झालं होतं. नवे कॅलिपर आले, तेल मात्र जुनंच राहिलं. खरं तर घाटात ब्रेक कमी पडतात हे जे त्यांना आधीपासून वाटत होतं, त्याचं मूळ बहुधा इथेच होतं. बाराशे रुपयांचं काम राहिलं आणि बारा हजारांचं झालं, असं मिस्त्री म्हणाले.

शेवटी ताईंनी मोठ्या डिस्क काढायला लावल्या. मूळ मापाच्या नव्या डिस्क, कंपनीचे पॅड, नवं तेल, मागचे शू अॅडजस्ट, आणि पुढचे दोन टायर. भाचा थोडा हिरमुसला, पण मामीनं त्याला गाडीत बसवून घाट उतरवून आणला. दुसऱ्या गिअरमध्ये! उतरताना, ज्या गिअरमध्ये चढलो असतो त्याच गिअरमध्ये उतरायचं आणि ब्रेकवर सतत पाय ठेवायचा नाही, हे त्यानं पहिल्यांदाच नीट बघितलं म्हणे. ब्रेक तापल्याचा वास आला, तर रुंद जागा बघून गाडी उभी करा, चाकांना दगड लावा, अर्धा तास गार होऊ द्या. वरून पाणी ओतू नका. तापलेलं बीड पाण्यानं तडकतं, हे आपल्याला माहीत आहेच.

गॅरेजमध्ये जाताना तक्रार कागदावर लिहून न्या. ‘ब्रेक बरोबर नाही’ असं मोघम नको. ‘गार असताना ठीक, चार वळणांनंतर खाली जातो’, ‘दुसऱ्यांदा दाबल्यावर वर येतो’, ‘डावीकडे ओढतो’ असं लिहा. बिलावर कुठले भाग बदलले, तेल कुठलं घातलं, हे लिहून घ्या, आणि काढलेले जुने पॅड पिशवीत घालून मागून घ्या. पैसे देण्याआधी मिस्त्रींना शेजारी बसवून एक फेरी मारा, गाडी तुम्ही चालवा.

ताईंनी ब्रेक ऑइल बदलल्याची तारीख आता बॉनेटच्या आतल्या बाजूला चिकटपट्टीवर लिहून ठेवली आहे, लोणच्याच्या बरण्यांवर लिहितात तशी.